खांबावरची खांच

नृसिंहवाडीच्या माणसाला पुराची ओळख नव्यानें करून द्यावी लागत नाहीं. कृष्णा आणि पंचगंगा ह्यांच्या संगमावरचें हें क्षेत्र. पावसाळ्यांत पाणी चढूं लागलें कीं लहान-थोर घाटाच्या पायऱ्या मोजूं लागतात. पाणी उत्तरेकडून देवळांत शिरून श्रींच्या पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारानें बाहेर पडूं लागलें म्हणजे दक्षिणद्वाराचा सोहळा! त्या प्रवाहांत स्नान घडावें म्हणून परगांवचे लोक रात्रीं-अपरात्रीं धांवत येतात. जेथें पुराचेंच पर्व होतें, तेथें पुराविषयीं थोडी बेफिकिरी यावयाचीच. ती माझ्यांतही होती आणि तिचें फळ घरांतील तेरा माणसांना भोगावें लागलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

इ. स. २००५ च्या महापुरांत ओसरीवर जेथवर पाणी आलें, तेथें मीं खांबावर खांच पाडून ठेविली होती. ह्याहून वर पाणी येणें नाहीं, हा माझा सिद्धान्त. तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविलेल्या माणसाशीं घरांत वाद कोण घालणार?

२०१९ च्या नागपंचमीस, ५ ऑगस्ट रोजीं, पाणी गल्लीच्या तोंडाशीं आलें. धाकटी सूनबाई म्हणाली, "मामंजी, उजेड आहे तोंवर निघूं या." मीं खांचेकडे बोट दाखविलें. धान्याचे डबे, अंथरुणें, वडिलांच्या हातच्या पोथ्या, सारें खांचेच्या हातभर वर फळ्यांवर रचून घेतलें आणि आम्ही माडीवर निजलों. दुसऱ्या रात्रीं पाणी खांचेवर कमरभर चढलें. पुढें जवानांची नाव आली, तेव्हां वृद्ध आत्याबाईंना पाठीवर घेऊन माडीच्या खिडकींतून उतरवावें लागलें. सूनबाई मला एक शब्दही बोलली नाहीं. तेंच अधिक लागलें. परतलों तेव्हां पोथ्यांचा लगदा झाला होता.

त्या वर्षीं घडलें काय, तें समजून घेतलें पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर कित्येक दिवस अखंड पाऊस कोसळला. कोयनेचें पाणी कृष्णेंत आलें. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी एकाच वेळीं भरून पंचगंगेंत आल्या. कृष्णा तुडुंब असली म्हणजे पंचगंगेला संगमावर वाट मिळत नाहीं; पाणी मागें फुगतें आणि सपाट शिवारांतून पसरत जातें. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशीं धोक्याची पातळी ४३ फूट. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. सांगलीस आयर्विन पुलापाशीं ही पातळी ४५ फूट. कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथें पुरांतून बाहेर पडणाऱ्या गांवकऱ्यांची नाव उलटून १७ जणांचे प्राण गेले. ती बातमी कानीं आली तेव्हां आमची भरलेली नाव माझ्या डोळ्यांपुढें उभी राहिली.

पुढें जुलै २०२१ मध्यें पुन्हा महापूर आला आणि कोल्हापुरास पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली. म्हणजे २०१९ ची खूणही पुरली नाहीं! खूण ही मागच्या पुराची साक्ष होय. पुढच्या पुराची ती मर्यादा नव्हे. परंतु त्या खेपेस निघण्याचा निर्णय मीं सूनबाईकडे सोंपविला होता. कागदपत्रें व औषधें एका पेटींत, आधीं वृद्ध व मुलें, मग गाईगुरें, अशा क्रमानें आम्ही भरदिवसां, कोरड्या पायांनीं गांवाबाहेर पडलों.

वडीलकीच्या अभिमानानें घर धरून बसणाऱ्या माझ्या समवयस्कांना एवढेंच सांगणें आहे. आमच्या येथें पाणी चढूं लागलें म्हणजे श्रींची उत्सवमूर्ति वेळींच उंचावर नेतात आणि पूजाअर्चा तेथें चालू राहते. देवाला स्थान सोडण्यांत कमीपणा वाटत नाहीं. मग आपल्यालाच तो कां वाटावा?

जुनी खांच मीं बुजविली नाहीं. तिच्यावर २०१९ ची दुसरी पाडली आहे. आणि दोहोंच्या खालीं, उंबऱ्याच्याही खालीं, पायरीवर सूनबाईनें तांबड्या रंगाची एक रेघ ओढली आहे. त्या रेघेला पाणी लागलें कीं आम्ही निघतों.