जित्याची खोड

मराठी भाषेने कुत्र्याला फारसे बरे म्हटलेले नाही. शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि एखाद्याचे अगदीच वाईट चिंतायचे असेल तर कुत्र्याच्या मौतीचा शाप आहेच. धर्मराजाने स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी इंद्राशी वाद घातला, नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, या कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. पण घरच्या मोत्याने चप्पल कुरतडली की तीच चप्पल त्याच्या पाठीत बसते. शेपटाचे सोडा, ते नळीत घालण्याचे काही कारणही नाही. पण खोड खरोखर मेल्याशिवाय जात नाही का? मानसशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने, आणि माझ्या आत्याच्या घरी गेल्या वर्षी जे घडले ते जवळून पाहिल्यामुळे, मला या म्हणीशी थोडे भांडायचे आहे. कुत्र्याच्या पुष्कळशा खोडी आपणच खतपाणी घालून वाढवलेल्या असतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

साधे उदाहरण घ्या. दारात पोस्टमन आला की कुत्रा जीव तोडून भुंकतो. पोस्टमन पत्र टाकतो आणि निघून जातो. तो जाणारच होता. पण हे कुत्र्याला कोण सांगणार? त्याच्या लेखी आपण भुंकलो म्हणून संकट टळले. असे रोज घडते, आणि रोज त्याचाच विजय होतो. आता पत्रे कमी झाली, पण पार्सल आणणारी मुले आणि गॅसची टाकी आणणारा माणूस आहेतच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक याने 1898 साली मांजरांना पिंजऱ्यात ठेवून जे प्रयोग केले, त्यांतून पुढे त्याचा परिणामाचा नियम तयार झाला: ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो. परीक्षेत पाच गुणांसाठी आपण हा नियम लिहितो, आणि घरी येऊन जेवताना कुत्रा कुंईकुंई करू लागला की त्याच्याकडे चतकोर भाकरी फेकतो!

बरे, उद्यापासून भाकरी द्यायची नाही असे ठरवले तर? येथे बहुतेक घरे हरतात. पुस्तकात ज्याला विलोपन म्हणतात, त्याची गंमत अशी की खोड सुटण्यापूर्वी ती आधी वाढते. नेहमीचे कुंईकुंई चालेनासे झाले की कुत्रा भुंकू लागतो, पाय खरवडतो. चौथ्या दिवशी आजी कळवळते, "दे रे बाबा त्याला एक तुकडा, मेलं केव्हाचं ओरडतंय." झाले! कुत्रा एवढेच शिकला, की थोडे ओरडून भागत नाही, पुष्कळ ओरडावे लागते. त्यापेक्षा एकदाही नकार दिला नसता तर बरे, असे म्हणण्याची पाळी येते. म्हणून नकार द्यायचा तर घरातल्या सर्वांनी द्यायला हवा, आणि सोबत कुत्र्याला दुसरे काही करायला शिकवायला हवे. जेवणाच्या वेळी तो आपल्या गोणपाटावर बसला तर, आणि तेथेच, त्याला तुकडा मिळावा. 'हे करू नकोस' हे कुत्र्याला कळणे कठीण. 'हे कर' हे चटकन कळते.

आता अपराधी चेहऱ्याबद्दल. आपण बाहेरून येतो, उशी फाटलेली असते, आणि मोत्या कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसलेला असतो. "बघा, त्याला बरोबर कळतंय काय केलंय ते!" असे म्हणून आपण त्याला झोडपतो. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने 2009 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या समजुतीला छेद देतो. मालकाने मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, यावर तो 'अपराधी' चेहरा अवलंबून नव्हताच. मालक रागावला की नाही, यावर होता. खाऊला तोंडही न लावलेली कुत्री बोलणी बसताच तशीच दिसत. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप समजतो, ती मार चुकवण्याची विनवणी असते. दोन तासांपूर्वी फाडलेल्या उशीचा आणि आताच्या फटक्याचा संबंध तो लावू शकत नाही. धन्याचे घरी येणे वाईट, एवढा संबंध मात्र लावतो. एकटे राहण्याच्या भीतीने दार-खिडकी ओरबाडणारा कुत्रा मार खाऊन अधिकच घाबरतो आणि अधिकच ओरबाडतो. चार-सहा महिन्यांचे पिल्लू चावते ते बहुधा दात येत असतात म्हणून. त्याला चावायला काही द्यावे आणि चपला फळीवर ठेवाव्यात, एवढाच इलाज.

हे सगळे एक वेळ हसण्यावारी नेता येईल. गुरगुरण्याचे तसे नाही.

आत्याकडचा मोत्या हा रस्त्यावरून उचलून आणलेला गावठी कुत्रा. चार भावंडांत हिसकावून खाण्याची लहानपणापासून सवय. थाळ्याजवळ कोणी गेले की तो गुरगुरे. घरच्यांना हा उद्धटपणा वाटला. 'कुत्र्याला त्याची पायरी दाखवावी लागते, नाहीतर तो डोक्यावर बसतो,' असे शेजारच्या एका जाणकारांनी सांगितले. या मताचे मूळही पाहण्यासारखे आहे. शेंकेल या शास्त्रज्ञाने 1947 साली बंदिस्त जागेत कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास मांडला. त्यांच्यात वर्चस्वासाठी झगडे होत. त्यावरून लांडग्यांच्या टोळीत 'राजा' असतो आणि कुत्र्याशी आपण राजासारखे वागावे, असा समज पसरला. ज्या डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ही कल्पना लोकप्रिय केली, त्यांनीच 1999 साली लिहिले की रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, एक कुटुंब. तेथे राजा नसतो, बाप असतो. पण राजेपणाची हौस माणसाला फार, त्यामुळे पहिली गोष्ट टिकली आणि दुसरी मागे पडली.

तर मोत्याला पायरी दाखवली गेली. गुरगुरला की काठी. आठवड्याभरात गुरगुरणे बंद झाले आणि सर्वांना वाटले, सुधारला. तीन आठवड्यांनी आत्याचा पाच वर्षांचा नातू थाळ्यापाशी बसून खेळत असताना मोत्या एकदम, आवाजही न करता, त्याच्या हाताला चावला.

या घटनेत आश्चर्य काही नाही. गुरगुरणे ही कुत्र्याची भाषा आहे: 'मला भीती वाटते, लांब राहा.' काठीने ती भाषा बंद पडली. भीती तेथेच राहिली, उलट तिच्यात काठीची भर पडली. रस्त्यावरचा धोक्याचा फलक काढून टाकला म्हणून खड्डा बुजत नाही.

मुलाचा हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतला आणि त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन लस सुरू केली. हळद-चुना लावीत बसण्यात आत्याने वेळ घालवला नाही. (पोटात चौदा इंजेक्शने देण्याचे दिवस गेले, आता ती दंडात देतात.) कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे होते. ते संपले की त्याला पोत्यात घालून घाटापलीकडे सोडून यायचे, असे दादाने ठरवले होते. आत्या रडत होती, वहिनी बोलत नव्हती, आणि आईच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

त्या दहा दिवसांत पशुवैद्यांनी मोत्याला तपासले तेव्हा त्याचा एक कान आतून पिकलेला निघाला. दुखणारा प्राणी लवकर चिडतो. एकाएकी वागणे बदलले तर आधी डॉक्टर, मग शिस्त. कानाचे औषध सुरू झाले. खाण्याची जागा मागच्या पडवीत, दाराला कडी लावून. मुलगा आणि थाळा यांची गाठच पडू द्यायची नाही, ही पहिली अट. पुढचे काम पावलोवच्या वाटेने जाणारे होते. पचनक्रियेवरील कामासाठी 1904 चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या रशियन शास्त्रज्ञाच्या लक्षात आले होते, की अन्न आणणारा माणूस नुसता दिसला तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. माणसाचे येणे आणि अन्नाचे येणे यांची सांगड बसते. मोत्याच्या मनात ती उलटी बसली होती: माणूस आला की अन्न जाते.

म्हणून दादा रोज मोत्या खात असताना सात-आठ पावलांवरून जाई आणि पनीरचा तुकडा त्याच्याकडे टाकून पुढे चालू लागे. (घर माळकरी, तेव्हा अंड्याचा प्रश्नच नव्हता. कांदा, मनुका आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला कधीच देऊ नये, ती विषासारखी बाधतात.) थाळ्याला हात लावायचा नाही. मोत्या ताठरला किंवा भराभर गिळू लागला, तर दुसऱ्या दिवशी दोन पावले मागे. कंटाळवाणे काम! पाचव्या आठवड्यात दादाची पावले ऐकताच मोत्या थाळ्यातून तोंड वर काढून शेपूट हलवू लागला. पोत्याचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

तो पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत जग जसे दिसते त्याचा ठसा खोल उमटतो, हे स्कॉट आणि फुलर यांनी 1965 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, आणि मोत्याचे ते आठवडे उकिरड्यावर गेले होते. पडवीची कडी अजून लागते. नातवालाही चार गोष्टी शिकवल्या आहेत: खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा साखळीला बांधलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही, आणि तो गुरगुरला तर पळत न सुटता हळूच मागे सरून मोठ्यांना सांगायचे. परवा तो आला होता तेव्हा मोत्या ओसरीवर गुरगुरला. पोरगा दोन पावले मागे सरला आणि आत ओरडून म्हणाला, "आजी, मोत्या नको म्हणतोय."