‘म्हैसूर सिल्क’ स्वस्तात, पैसे मात्र गायब : ऑनलाइन फसवणुकीत भरपाई केव्हा मिळते?

चामराजपुरम (म्हैसूर) : चामराजपुरमसह म्हैसूर शहराची ओळख देशभर पोहोचवणाऱ्या दोन वस्तू म्हणजे रेशमी साडी आणि चंदनाचा साबण. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि दोन्हींच्या नावाचा गैरवापरही होतो. ‘म्हैसूर सँडल’ साबणाची नक्कल करणारा कारखाना जानेवारी 2024 मध्ये हैदराबादेत उघडकीस आला होता. साडीच्या बाबतीत नकली माल बनवण्याचीही गरज उरलेली नाही. एक छायाचित्र, समाजमाध्यमावरील एक जाहिरात आणि पैसे स्वीकारणारा क्यूआर कोड एवढ्यावर दुकान उभे राहते.

अस्सल म्हैसूर सिल्कच्या जरीत सुमारे 65 टक्के चांदी आणि 0.65 टक्के सोने असते. अशी साडी दोन हजारांत ‘गोदाम रिकामे करण्यासाठी’ कोणी विकत असेल, तर जाहिरात तिथेच खोटी ठरते. कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाच्या साडीवर होलोग्राम आणि स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असतो. पण तो साडी हातात आल्यावरच पाहता येतो. पैसे मात्र आधी गेलेले असतात.

हे पैसे परत मिळतात का, याचे उत्तर ते कसे गेले यावर अवलंबून आहे आणि बहुतेक ग्राहकांची गफलत याच ठिकाणी होते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, बँक किंवा ग्राहक यांपैकी कोणाचीही चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून रक्कम काढली आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याचे दायित्व शून्य असते. चार ते सात दिवस लागल्यास साध्या बचत खात्यासाठी ते कमाल 10 हजार रुपयांपर्यंत जाते. त्यापुढे बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. तक्रारीनंतर 10 कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करणे आणि 90 दिवसांत निर्णय देणे बँकेवर बंधनकारक आहे. ग्राहक दोषी असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच.

मात्र हे संरक्षण ‘अनधिकृत’ व्यवहारांपुरते आहे. बनावट दुकानाला ग्राहकाने स्वतः यूपीआय पिन टाकून पैसे पाठवले, तर बँकेच्या नोंदीत तो व्यवहार ग्राहकानेच मंजूर केलेला असतो. ओटीपी सांगितल्यास निष्काळजीपणा गृहीत धरला जातो आणि बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाच्या माथी येते. साडी न मिळालेल्या खरेदीदाराला बँकेतून रिकाम्या हाताने परतावे लागते ते यामुळे. कार्डाने पैसे दिले असतील, तर माल न मिळाल्याच्या कारणावरून ‘चार्जबॅक’ मागता येतो. थेट एखाद्याच्या खात्यात रक्कम पाठवल्यास ती सोय नाही.

अशा वेळी उपयोगी पडतो तो 1930 हा मदत क्रमांक. तेथे तक्रार नोंदताच रक्कम ज्या खात्यात गेली त्या बँकेला सूचना जाते आणि शिल्लक असलेले पैसे रोखून धरता येतात. भामटे रक्कम काही तासांत अनेक खात्यांत फिरवतात. त्यामुळे ‘साडी उद्या येईल’ या आश्वासनावर घालवलेला प्रत्येक दिवस त्यांच्याच पथ्यावर पडतो.

दुसरा सापळा परताव्याचा. माल आला नाही म्हणून ग्राहक इंटरनेटवर दुकानाचा मदत क्रमांक शोधतो आणि तोही भामट्यांचाच निघतो. ‘पैसे परत करण्यासाठी पिन टाका’ किंवा ‘मोबाइलचा पडदा दाखवणारे अ‍ॅप घ्या’ असे सांगितले जाते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

कार्डाच्या तपशिलाची चिंता मात्र काहीशी कमी झाली आहे. 1 ऑक्टोबर 2022 पासून व्यापारी संकेतस्थळांना कार्डाचा मूळ क्रमांक साठवता येत नाही. त्याजागी सांकेतिक ‘टोकन’ वापरले जाते.

विक्रेता खरा, पण माल निकृष्ट, असे असेल तर मार्ग वेगळा आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रार स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगातही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणास शुल्क नाही. कोल्हापूरच्या खरेदीदाराला त्यासाठी म्हैसूरला यावे लागत नाही. पण प्रतिवादीचे नाव व पत्ता द्यावा लागतो आणि क्यूआर कोडच्या दुकानाला पत्ता नसतो.