जपानी वीरांची शाळा आणि एक जुना ड्रिलमास्तर

गेल्या दिवाळीत आमच्या नातवाने अंगणात किल्ला केला. दगड, माती, गोणपाट, उतारावर पेरलेले अळीव, सगळे शिस्तशीर होते. महाराज सिंहासनावर, दाराशी तोफा, तटावर मावळे. पाहणी करीत मी बुरुजापर्यंत आलो आणि थबकलो. मावळ्यांच्या रांगेत हिरव्या केसांचा, हिरव्या पोषाखाचा एक प्लॅस्टिकचा पोरगा मूठ उगारून उभा होता!

"अरे, हा कुठला मावळा?" मी विचारले.

"आजोबा, हा मिदोरिया. जपानचा आहे. पण चांगल्या बाजूचाच आहे!"

नातू अकरा वर्षांचा. त्याच्या आवाजात अशी काही कळकळ होती, की मी त्या परदेशी पाहुण्याला गडावर राहू दिले. मात्र एक अट घातली. हा कोण, कुठला, ते मला नीट सांगायचे. त्या अटीपायी पुढचे आठ दिवस फराळाचे ताट मांडीवर घेऊन मी नातवाशेजारी टी.व्ही.समोर बसलो. चौतीस वर्षे शाळेत ड्रिल शिकवलेला मी मास्तर. कार्टून म्हणजे पोरखेळ असे मानत आलेला. पण वाचकहो, त्या आठ दिवसांत या पोरखेळाने मला माझ्याच घरातली एक जुनी जखम दाखवली. तीच हकिकत आज सांगायची आहे.

'वीर' उलटा केला की 'रवी'

या मालिकेचे जपानी नाव 'बोकु नो हीरो अकादेमिया'; जगभर ती 'माय हीरो अकॅडेमिया' म्हणून ओळखली जाते. चित्रकार-लेखक कोहेई होरिकोशी यांचा जन्म 1986 सालचा, आइची प्रांतातला. 2010 आणि 2012 साली सुरू झालेल्या त्यांच्या दोन चित्रकथा वाचकांनी उचलून धरल्या नाहीत, म्हणून लवकरच आटोपत्या घ्याव्या लागल्या. तिसऱ्यांदा त्यांनी हिंमत बांधली. जुलै 2014 मध्ये 'शोनेन जंप' या प्रसिद्ध साप्ताहिकात ही कथा सुरू झाली आणि ऑगस्ट 2024 मध्ये 430 प्रकरणे होऊन संपली. पडद्यावर ती एप्रिल 2016 मध्ये आली.

कथेतले जग असे. दहातल्या आठ माणसांना जन्मतःच काही अचाट शक्ती लाभलेली असते. कुणाच्या तळहातातून स्फोट होतात, कुणाच्या पोटऱ्यांत मोटारीसारखे इंजिन असते, कुणी हात लावला की वस्तू तरंगू लागते. या शक्तीला जपानी शब्द आहे 'कोसेई'. त्याचा मूळ अर्थ माणसाचे वेगळेपण, त्याचा स्वतःचा असा पिंड. मला हा शब्द फार आवडला. शक्ती म्हणजे निराळे काही नव्हे, ज्याचा त्याचा पिंडच!

अशा जगात पोलिसांच्या जोडीला सुपरहीरो हाही रीतसर परवान्याचा व्यवसाय झालेला आहे, आणि तो शिकवायला शाळा आहेत. त्यांतली नामांकित शाळा 'युएई'. जपानीत वीराला म्हणतात 'एइयु'. त्याची अक्षरे उलटी केली की 'युएई'. आपण 'वीर' उलटा करून 'रवी' म्हणावे, तसेच.

आमचा किल्ल्यावरचा मिदोरिया जन्मला तो शक्तीशिवाय. वीर होण्याचे वेड मात्र जबर. त्याची तळमळ पाहून देशातला पहिल्या क्रमांकाचा वीर आपली शक्ती त्याला वारसा म्हणून देतो. पण ती पेलायची कशी? एक ठोसा मारला की पोराचे हाड मोडते. आता अशा विद्यार्थ्याचे मास्तरांनी काय करावे, सांगा!

पोरांची क्रीडास्पर्धा

या शाळेचा वार्षिक क्रीडामहोत्सव म्हणजे कथेतला मोठा सोहळा. शक्ती आल्यावर ऑलिंपिकची शान ओसरली आणि तिची जागा या शालेय स्पर्धेने घेतली, अशी होरिकोशींची कल्पना. सारा देश टी.व्ही.ला चिकटतो. धंद्यात मुरलेले वीर आपल्या हाताखाली घ्यायला पोरे हेरत गॅलरीत बसतात. वर्षातून एक संधी, तीन वर्षांत तीन.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. जपानी शाळांत 'उन्दोकाई' नावाचा क्रीडादिन असतो. त्याची सुरुवात 1874 साली तोक्योच्या त्सुकिजी भागातील आरमारी शाळेत इंग्रज शिक्षकांच्या देखरेखीखाली झाली, असे मानतात. मुले तांबड्या आणि पांढऱ्या अशा दोन पक्षांत विभागतात. हे रंग तायरा आणि मिनामोतो या जुन्या सरदार घराण्यांच्या निशाणांचे. आईबाप डबे घेऊन मैदानावर येतात. पुढे 10 ऑक्टोबर 1964 रोजी तोक्यो ऑलिंपिकचे उद्‌घाटन झाले, आणि 1966 पासून त्या स्मरणार्थ जपानने क्रीडादिनाची सार्वजनिक सुटीच सुरू केली. म्हणजे ज्या देशात शाळेचा क्रीडादिन हा घरादाराचा सण आहे, तिथेच ही कथा सुचू शकते.

'युएई'त पहिली फेरी अडथळ्यांच्या शर्यतीची. मैदानाला वळसा घालून चार किलोमीटर. वाटेत घराएवढी यंत्रे, मग खोल दरीवर ताणलेले दोर, शेवटी सुरुंग पेरलेली जमीन. आमचा मिदोरिया काय करतो? आपली शक्ती वापरतच नाही! मोडलेल्या यंत्राचा एक पत्रा उचलतो, सुरुंग गोळा करतो, त्यांच्या स्फोटावर पत्र्यासकट उडतो आणि पहिला येतो. मी चकलीचा तुकडा हातात धरून ओरडलो, "शाब्बास रे पठ्ठ्या!" सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

दुसरी फेरी 'किबासेन'. हा खरा जपानी शाळांतला खेळ आहे. तिघांनी मिळून घोडा व्हायचे, चौथ्याने स्वार; आणि समोरच्या स्वाराच्या डोक्याची पट्टी हिसकावायची. (दुखापतीच्या भीतीने अलीकडे काही शाळांनी तो बंद केला आहे.) इथे पट्टीवर गुण लिहिलेले. बेचाळिसाव्या क्रमांकाला 5, मग पाचापाचाने वाढत दुसऱ्या क्रमांकाला 205. आणि पहिल्याला? एक कोटी! पहिला आला म्हणून साऱ्या मैदानाने तुझ्यावरच तुटून पडायचे. पहिला नंबर म्हणजे बक्षीस नव्हे, डोक्यावरचे ओझे आहे, हे इतक्या सोप्या गणिताने शिकवलेले मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात पाहिले नाही.

तिसरी फेरी सोळा जणांच्या कुस्त्यांची. कुस्त्याच म्हणतो, रिंगणाबाहेर गेला, जखडला गेला किंवा शरण आला की हरला. इथे मला खरा आनंद झाला तो होरिकोशींच्या नजरेचा. जिंकणाऱ्यांइतकेच हरणाऱ्यांवर त्यांचे लक्ष आहे. एक मुलगा आपण इथवर पोचलो ते दुसऱ्याच्या मोहिनीमुळे, स्वतःच्या कर्तबगारीने नव्हे, म्हणून आपण होऊन माघार घेतो. यंत्रे बनवणारी एक मुलगी आपल्या यंत्रांची दहा मिनिटे जाहिरात करते आणि समाधानाने रिंगणाबाहेर जाते. तिचे काम झाले! बांधकामाच्या धंद्यात ओढगस्तीला आलेल्या आईबापांना हातभार लावायचा म्हणून वीर व्हायला निघालेली उराराका ही पोर स्फोट करणाऱ्या बाकुगोशी भिडते. तो तिला जराही सूट देत नाही. प्रेक्षक त्याची हुर्यो उडवतात, तेव्हा वर्गशिक्षक ध्वनिक्षेपक हाती घेऊन त्यांनाच खडसावतात. त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ असा, की तो तिला तोलामोलाची मानतो म्हणूनच हात राखून लढत नाही. मास्तर असावा तर असा!

डावा हात

आणि मग आली ती लढत, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

तोदोरोकी नावाचा मुलगा. उजव्या अंगाने बर्फ, डाव्या अंगाने अग्नी. त्याचा बाप दुसऱ्या क्रमांकाचा वीर. जन्मभर दुसराच राहिलेला. पहिल्याला आपण गाठू शकत नाही, तर आपला मुलगा गाठील, या एका हट्टापायी त्याने बायकोही शक्ती बघून केली. मुलगा पाच वर्षांचा होताच तालीम सुरू. आईचे मन ढासळले. एके दिवशी मुलाच्या डाव्या बाजूत तिला नवरा दिसला आणि तिने आधणाचे पाणी त्याच्या तोंडावर ओतले. ती इस्पितळात गेली. मुलाने शपथ घातली, की बापाकडून आलेला अग्नी वापरायचा नाही. नुसत्या बर्फावर जिंकून दाखवायचे.

मिदोरिया त्याच्यासमोर उभा राहतो. एकेक बोट मोडून घेत बर्फ फोडत राहतो. आणि शेवटी कळवळून त्याला बजावतो, की ही शक्ती तुझ्या बापाची नाहीच मुळी, तुझी आहे. तोदोरोकीचे डावे अंग पेटते. मिदोरिया हरतो, त्याचा हात कायमचा वेडावाकडा होतो. गॅलरीत बाप आनंदाने ओरडतो, कारण त्याला वाटते, पोरगा आपला झाला. मुलगा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

मी तरुणपणी मल्लखांब करीत असे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी ऊर्जितावस्थेला आणलेली ही विद्या. आठ-साडेआठ फुटांचा लाकडी खांब, त्याला एरंडेल लावलेले. राज्य पातळीच्या निवडीआधी आठ दिवस माझे मनगट मोडले आणि सारे संपले. पुढे मुलगा झाला. तो सहा वर्षांचा होताच पहाटे साडेचारला मी त्याला उठवू लागलो. शाळेत शिट्टी, घरी शिट्टी. पोर अंगाने हलके, वळणदार, माझ्याहून सरस. बक्षिसे येत होती आणि मी ती मोजत होतो. त्याला काय वाटते, हे मी नऊ वर्षांत एकदाही विचारले नाही.

तो पंधरा वर्षांचा असताना आंतरशालेय स्पर्धेची अंतिम फेरी होती. त्याचे नाव पुकारले गेले. तो पुढे आला, त्याने खांबाला नमस्कार केला, परीक्षकांना केला, आणि मागे फिरून कपडे घालायला निघून गेला. सारे मैदान बघत होते. मी घरी आल्यावर त्याला काय काय बोललो, ते इथे लिहिणार नाही. त्यानंतर तीस वर्षे आमच्या घरात मल्लखांब हा शब्द कुणी उच्चारला नाही. मुलगा शिकला, नोकरीला लागला, मला कधी उलट बोलला नाही. पण अंगाला लावायचे तेल साधे खोबरेल असले, तरी तो आधी वास घेऊन पाहतो.

आणि तरीही, वाचकहो, मी काय करीत होतो? गेल्या दिवाळीत नातवाच्या कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला होता. 'पहाटे 5 : उठणे. 5.15 : धावणे.' शाळेच्या स्पर्धा जानेवारीत होत्या ना! मुलाने तो कागद पाहिला होता आणि नेहमीप्रमाणे गप्प राहिला होता.

लढत संपली. मागे वळून पाहतो, तर चिरंजीव दाराला टेकून उभे. केव्हापासून उभे होते कोण जाणे. नातू उत्साहात सांगत होता, "आजोबा, पुढे अंतिम सामन्यात तो पुन्हा आग विझवतो आणि हरतो. मग बाकुगो चिडतो, त्याला तसली जीत नकोच असते. पण मग तोदोरोकी इस्पितळात आईला भेटायला जातो, इतक्या वर्षांनी. ते बघायचंय ना?"

"बघू या," मी म्हणालो. आधी उठलो, नातवाच्या खोलीत गेलो आणि तो कागद काढला. परत येऊन मुलासमोर उभा राहिलो. क्षमा मागायची आमच्या पिढीला सवय नाही. शब्द जुळेनात. एवढेच म्हणालो, "त्या दिवशी तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, चहा टाकू का?"

तीस वर्षांनी मिळालेले उत्तर ते. मला पुरले.

जानेवारीतल्या स्पर्धेत नातू धावला. सहा जणांत पाचवा आला आणि हसत परत आला. त्याला धावण्यापेक्षा चित्रे काढणे आवडते, हे मला आता ठाऊक आहे, कारण मी विचारले. आणि मार्चमधल्या एका रविवारी आमचे चिरंजीव त्याला सहज म्हणून जुन्या तालमीत घेऊन गेले. मला बोलावले नाही. मीही गेलो नाही. घरी आले तेव्हा दोघांच्या हातांना एरंडेलाचा वास येत होता. मी काही विचारले नाही.

यंदाही अंगणात किल्ला झाला आहे. मिदोरिया बुरुजावर आहेच. त्याच्या शेजारी यंदा अर्धे केस पांढरे, अर्धे तांबडे असा आणखी एक पोरगा उभा आहे. तो कोण, हे मात्र यंदा मला विचारावे लागले नाही.