प्रमाण आणि अंतर : विमानाच्या मोठ्या प्रतिकृतीची बांधणी

१९४२ साली अमेरिकेतील हायस्कुलांच्या कर्मशाळांत विद्यार्थ्यांकडे एक निराळेच काम सोपविण्यात आले. आकाशात दूरवर दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे क्षणार्धात ओळखण्याचे शिक्षण नाविकांस व सैनिकांस द्यावयाचे होते, आणि त्यासाठी विमानांच्या लाकडी प्रतिकृती हव्या होत्या. मागणी पाच लाखांची होती. प्रत्येक प्रतिकृती मूळ विमानाच्या १/७२ एवढी, म्हणजे सहा फुटांस एक इंच ह्या प्रमाणात करावयाची होती. प्रशिक्षणार्थ्याला ती ३५ फुटांवरून दाखविली, की खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून जसे दिसेल तशी ती दिसे. हा हिशेब अगदी साधा आहे : ३५ ला ७२ ने गुणावे. त्या प्रतिकृतींत वैमानिकाचे आसन नव्हते, उपकरणे नव्हती, पत्र्यांचे सांधेही नव्हते; आणि त्यांची उणीव कोणास भासली नाही, कारण अर्ध्या मैलावरून ह्यांपैकी काहीच दिसत नाही.

प्रतिकृतीचे प्रमाण म्हणजे वस्तुतः एक अंतर होय, ही गोष्ट ह्या उदाहरणावरून स्पष्ट होते. हातात घेतलेली वस्तू आपण साधारणतः २५ सेंटिमीटरांवरून पाहतो. १/७२ प्रमाणाची प्रतिकृती अशी पाहणारा मनुष्य खऱ्या विमानापासून जणू १८ मीटरांवर उभा असतो. तेच प्रमाण १/२४ केले, म्हणजे एका फुटास अर्धा इंच घेतले, तर तो विमानापासून अवघ्या ६ मीटरांवर येतो. मोठी प्रतिकृती बांधणे म्हणजे लहान प्रतिकृतीच जरा ऐसपैस बांधणे, असे पुष्कळांस वाटते. परंतु तसे नाही. १८ मीटरांवरून जे झाकले जाते ते ६ मीटरांवरून उघडे पडते, आणि बांधणाऱ्याला पदोपदी ठरवावे लागते की, येथून खरोखर काय दिसले असते?

ह्या प्रश्नाचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करू. इंग्लंडमधील ‘एअरफिक्स’ ह्या कंपनीने १९७० साली स्पिटफायर विमानाच्या पहिल्या आवृत्तीचा १/२४ प्रमाणाचा प्लॅस्टिकचा संच बाजारात आणला. त्यापूर्वी प्लॅस्टिकची विमाने नव्हती असे नाही. ‘फ्रॉग’ नावाने इंग्लंडातच १९३६ पासून १/७२ प्रमाणाचे संच निघत होते. पण ते सेल्युलोज ॲसिटेटचे असत, आणि तो पदार्थ कालांतराने वाकडातिकडा होई. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन हाती आले आणि हा दोष पुष्कळसा दूर झाला. मूळ स्पिटफायरची रचना आर. जे. मिचेल ह्यांची, तिचे पहिले उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी झाले. तिच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच आणि लांबी २९ फूट ११ इंच होती. २४ ने भागिल्यास प्रतिकृतीचा विस्तार सुमारे ४७ सेंटिमीटर व लांबी ३८ सेंटिमीटर भरते. शाळेच्या कपाटातील एक अख्खा कप्पा ती व्यापील.

लांबी २४ पट कमी होते, तेव्हा क्षेत्रफळ ५७६ पट आणि घनफळ १३,८२४ पट कमी होते. भरलेले खरे विमान सुमारे २,६०० किलोग्रॅम वजनाचे होते. त्याच द्रव्यांची व त्याच घडणीची प्रतिकृती करता आली असती, तर ती २०० ग्रॅमांहूनही हलकी झाली असती. वजन घनफळाच्या हिशेबाने घटते, पण पायांची ताकद त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने घटते. म्हणून लहान वस्तूचे पाय वजनाच्या मानाने बळकट ठरतात. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राण्यांच्या हाडांविषयी हाच विचार मांडला आहे. स्पिटफायरच्या चाकांचे पाय बारीक व एकमेकांजवळ असूनही प्लॅस्टिकमध्ये ते प्रतिकृतीला सहज पेलतात, ते ह्यामुळेच. मात्र पॉलिस्टायरीन सततच्या भाराखाली वर्षानुवर्षे किंचित किंचित वाकत जाते. म्हणून मोठ्या व जड प्रतिकृतींच्या काही संचांत अलीकडे धातूचे पाय देतात.

आता भागांकडे वळू. वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात मोठ्या दाबाने भरतात, ते थंड होऊन घट्ट झाले की साचा उघडतात. साच्याची दोन अर्धुके सरळ रेषेतच दूर होऊ शकत असल्यामुळे पोकळ व सर्व बाजूंनी बंद अशी वस्तू त्यातून अखंड निघू शकत नाही. म्हणून विमानाचे धड डावे व उजवे अशा दोन अर्धांत आणि पंख वरचा व खालचा अशा दोन पापुद्र्यांत मिळतात. ह्याच कारणामुळे धडाच्या पाठीवर व पोटाशी, म्हणजे जेथे पृष्ठभाग साच्याच्या उघडण्याच्या दिशेशी समांतर होतो तेथे, कोरलेल्या रेषा अंधूक उतरतात. आणि नेमका तेथेच दोन अर्धांचा सांधा येतो. तो घासून नाहीसा करताना उरल्यासुरल्या रेषाही पुसल्या जातात व सुईने पुन्हा कोराव्या लागतात.

भाग चौकटीपासून कापण्यापूर्वी साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत, कारण साच्यातून वस्तू सहज सुटावी म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश त्यांवर राहिलेला असू शकतो, आणि त्यावर रंग धरत नाही. पॉलिस्टायरीनचा सांधा साधण्यास ज्याला आपण गोंद म्हणतो तो वस्तुतः द्रावक असतो. तो पृष्ठभागात शिरून तेथील रेणूंच्या लांबलचक साखळ्या सैल करतो. दोन्ही कडा दाबून धरल्या की त्या साखळ्या एकमेकींत गुंततात, द्रावक उडून जातो आणि दोहोंचे एक प्लॅस्टिक होते. येथे उतावळेपणा नडतो. सांधा वरून कोरडा दिसला तरी आत द्रावक असतोच. तेव्हाच पॉलिश-पेपरने घासून गुळगुळीत केला, तर पुढे तो आणखी सुकून आक्रसतो आणि रंगाखाली खाच उमटते. एक दिवस थांबणे इष्ट. शाळेत हे काम खिडक्या उघडून व शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे. द्रावकाच्या वाफा हुंगण्याजोग्या नसतात आणि पात्याची धार बोट ओळखत नाही.

बांधणी आतून बाहेर जाते. धडाचे दोन अर्ध मिटण्यापूर्वी वैमानिकाची बैठक, दांडा, पट्टे व उपकरणांची पाटी पुरी झाली पाहिजे. उपकरणाची तबकडी खऱ्या विमानात सुमारे ८० मिलिमीटरांची धरली, तर येथे ती साडेतीन मिलिमीटरांहूनही लहान होते. तिच्यावरील आकडे काढावेत काय? निरोगी डोळ्याला एक कलामिनिट एवढ्या कोनातील भेद जेमतेम कळतो; २५ सेंटिमीटरांवर हा भेद सुमारे ०·०७ मिलिमीटर होतो, म्हणजे खऱ्या विमानातील पावणेदोन मिलिमीटर. त्याहून बारीक असलेले काहीही दिसणार नाही. तबकडीचा काटा व मोठ्या खुणा दिसतील, आकड्यांचे पांढरे ठिपके भासतील. तेवढे काढले की पुरे.

इंजिनाच्या बाबतीत मात्र हिशेब अडतो, आणि माझ्या मते मोठ्या प्रतिकृतीतील सर्वांत मनोरंजक पेच हाच आहे. स्पिटफायरचे मर्लिन इंजिन २७ लिटरांचे. त्याचे बारा सिलिंडर सहा-सहांच्या दोन रांगांत, एकमेकींशी ६० अंशांचा कोन करून बसविलेले असत. त्यावरील झाकणाचा पत्रा जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीचा. प्रतिकृतीत ते झाकण प्लॅस्टिकचे असते आणि एक मिलिमीटरहून फारसे पातळ करता येत नाही. परंतु १/२४ प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे २४ मिलिमीटर ! म्हणजे बाहेरचा आकार बिनचूक ठेवावयाचा तर आतील पोकळी दोन्ही बाजूंनी सुमारे दोन-दोन सेंटिमीटरांनी लहान होते आणि अचूक मापाचे इंजिन तीत मावत नाही. इंजिन बारीक करावे, की नाक फुगू द्यावे? दोन्ही असत्यच. ज्यांना इंजिन दाखवावयाचे आहे त्यांनी झाकण उघडे ठेवून बाजूला मांडावे. ज्यांना विमानाची सुबक नाकाड रेषा प्रिय आहे त्यांनी झाकण कायमचे बसवून इंजिनाचा मोह सोडावा. झाकण उघडमीट करता येईल असे करू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा दोन्हीही लागत नाहीत.

पंखाची मागची कडही अशीच. खऱ्या विमानात ती सुरीसारखी निमुळती होते. साच्यातून निघालेली अर्ध्या मिलिमीटरची कड त्या मानाने १२ मिलिमीटरांची, म्हणजे फळीसारखी ठरते. ती आतील बाजूने घासून पातळ करावी, म्हणजे बाहेरील आकार बिघडत नाही. पंख जोडताना त्याचा पीळही सांभाळावा लागतो. स्पिटफायरचा पंख धडाजवळ २ अंशांनी वर कललेला असून टोकाशी तो अर्ध्या अंशाने खाली वळतो. ह्यामुळे वेग फार कमी झाल्यास पंखाचा धडाजवळील भाग आधी उचल सोडतो, विमान थरथरते आणि वैमानिकास सूचना मिळते. हा अडीच अंशांचा पीळ मोजपट्टीने सहसा सापडत नाही. पण पंखाच्या टोकाकडून एक डोळा मिटून धडाकडे पाहिले, की तो ताबडतोब दिसतो. दोन्ही पंखांत तो सारखा नसेल तर सांधा सुकण्यापूर्वीच सुधारावा.

पृष्ठभागाविषयी बांधणाऱ्यांत फार मतभेद आहेत. स्पिटफायरच्या पंखांवरील रिव्हेटांची डोकी पत्र्याशी सपाट बसविलेली होती. हा खर्चिक खटाटोप कोठे आवश्यक आहे हे ठरविण्यासाठी पहिल्या नमुन्यावर एक मौजेचा प्रयोग करण्यात आला : सपाट रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळी चिकटवून त्यांना गोल डोक्यांचे रूप दिले आणि विमान उडवून पाहिले. कमाल वेग ताशी सुमारे २२ मैलांनी घटला. मग जागोजागच्या डाळी काढीत कोणत्या ओळी खरोखर महत्त्वाच्या आहेत हे शोधले. ज्या पंखावर वाटाण्याची डाळदेखील सहन होत नव्हती, त्याच्या प्रतिकृतीवर हजारो खोल खळगे पाडणे कितपत योग्य? पत्र्यांमधील सांध्यांचेही तेच. प्रतिकृतीवर ०·२ मिलिमीटर रुंदीची रेष कोरली, तर ती खऱ्या विमानात जवळजवळ ५ मिलिमीटरांची फट होते, आणि एवढ्या फटी घेऊन ते विमान कारखान्याबाहेर पडले नसते. तरीही पुष्कळजण रेषा खोल कोरून त्यांत काळा रंग सोडतात, कारण त्यायोगे प्रतिकृती ‘तपशीलवार’ दिसते. ज्याला वाटेल त्याने तसे करावे. परंतु ते सजावटीचे काम आहे हे ओळखून करावे.

आपल्या वाचकांस खरे विमान ६ मीटरांवरून पाहावयाचे असल्यास दिल्लीस पालम येथील भारतीय हवाई दलाच्या संग्रहालयात स्पिटफायर आहे. आपल्या हवाई दलानेही ही विमाने वापरली होती. तेथील विमान उत्तरकालीन, ग्रिफन इंजिनाचे असून त्याचे नाक लांब आहे, तेव्हा १९४० च्या प्रतिकृतीसाठी त्याची मापे उपयोगी नाहीत. पत्रा, रंग व प्रकाश ह्यांचे नाते मात्र तेथे उत्तम कळते.

पारदर्शक झाकणाला द्रावक लावू नये. त्याने बारीक तडे जातात. झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाच्या वाफांनी त्यावर पांढुरके पटल येते. सुतार वापरतात तो पांढरा गोंद येथे सर्वांत बरा, कारण तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकल्यास ओल्या फडक्याने पुसता येतो.

रंगाविषयी एवढेच सांगतो की, आधी तारीख ठरवावी व मग डबी उघडावी. १९४० च्या वसंतापर्यंत ब्रिटिश लढाऊ विमानांचा खालचा भाग अर्धा काळा व अर्धा पांढरा असे, म्हणजे जमिनीवरील निरीक्षकांस आपले विमान ओळखता येई. त्या वर्षीच्या जूनपासून तो फिकट निळसर-हिरवा झाला. ओल्या पाण्यात सोडून चिकटवावयाची चिन्हे मंद, खरबरीत रंगावर लावली तर त्यांखाली हवा अडकून ती चांदीसारखी चकाकतात. म्हणून आधी चकचकीत वार्निशाचा हात, नंतर चिन्हे, शेवटी मंद वार्निश.

ह्या पहिल्या आवृत्तीच्या विमानांवर रेडिओच्या खांबापासून शेपटीच्या सुकाणूपर्यंत एक तार ताणलेली असे; १९४० मध्ये नव्या पद्धतीचे रेडिओ बसविले गेल्यावर ती निघाली. तेव्हा तार हवी की नको, हे निवडलेल्या विमानाच्या छायाचित्रावरून ठरवावे. हवी असल्यास रिकाम्या चौकटीचा एक तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, फिरवीत धरावा. तो मऊ होऊन लोंबू लागला की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी संथपणे ओढावा; केसासारखा धागा निघतो. तो दोन्ही टोकांस चिकटवून सुकू द्यावा. थोडा सैल राहिला तर पेटलेली उदबत्ती त्याखालून, स्पर्श न होऊ देता, हळूच न्यावी. ओढताना ताणलेल्या अवस्थेतच गोठलेल्या रेणूंच्या साखळ्या उष्णतेने पुन्हा आखडतात, आणि पाहता पाहता धागा तारेसारखा ताठ होतो.