दोन जानेवारी

क्रायमियाच्या युद्धावरून १८५६मध्ये परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल इंग्लंडला परतल्या. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत त्या ब्रिटिश सैन्यातल्या मृत्यूंचे आकडे तपासायला बसल्या. जानेवारी १८५५ हा एकच महिना घ्या. जखमांनी दगावलेले सैनिक ८३. टाळता येण्याजोग्या साथीच्या रोगांनी दगावलेले २,७६१! शत्रूच्या गोळीपेक्षा घाणीनेच जास्त बळी घेतले होते.

पण हे सरकारच्या गळी उतरवायचे कसे? फार यांचा भर कोरड्या तक्त्यांवर, आणि तक्ते वाचायला सवड कोणाला? बाईंनी आकडे रंगांत मांडायचे ठरवले. वर्षाचे एक वर्तुळ, बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. रोग निळे, जखमा लाल, बाकीची कारणे काळी.

पहिल्या आकृतीत मृत्युदर मध्यापासूनच्या अंतराने दाखवला होता. आकडे बरोबर होते, तरी चित्र खोटे बोलत होते. माणसाची नजर अंतर मोजत बसत नाही, ती रंगाचा पसारा बघते. दर दुप्पट झाला की पाकळीची लांबी दुप्पट होते, पण क्षेत्रफळ चौपट! ही चूक बाईंच्याच पथ्यावर पडणारी होती, कारण तिने निळा रंग अधिकच भयंकर दिसत होता. तरीही त्यांनी ती झाकली नाही. दुरुस्तीची चिठ्ठी जोडली आणि आकृती नव्याने काढली. आता लांबी दराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून क्षेत्रफळ नेमके दराच्या प्रमाणात. या साऱ्या कथेतला खरा शोध मला तरी इथेच दिसतो.

१८५८च्या त्या आकृतीत दोन वर्षांची दोन वर्तुळे शेजारीशेजारी आहेत आणि प्रत्येक महिना दोन्हींत त्याच जागी येतो. त्यामुळे कडक हिवाळ्यावर खापर फोडायची सोयच उरत नाही. उजवीकडची, १८५५च्या जानेवारीची निळी पाकळी पानभर पसरलेली. डावीकडची, १८५६च्या जानेवारीची, शोधावी लागते. त्या महिन्यात रोगाने ४२ जण गेले, तेही सैन्य ३२ हजारांवरून ४४ हजारांवर गेले असताना. मधल्या काळात, मार्च १८५५पासून, सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे उपसून घेतली होती, पाणी सुधारले होते, इस्पितळांत हवा खेळती केली होती.