गाठ आली? घाबरू नका, पण लपवूही नका

'डॉक्टर, इथे एक गाठ आलीय, कॅन्सर तर नसेल?' हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर ऐकू येतो. आपल्या बोलीत डोक्यावरच्या आवाळूला गाठ म्हणतात, पाठीवरच्या चरबीला गाठ म्हणतात, अंडाशयातल्या पाण्याच्या फुग्याला गाठ म्हणतात आणि स्तनातल्या कर्करोगालाही गाठच म्हणतात. शब्द एकच असल्याने एक तर सगळ्याच गाठींची भीती वाटते किंवा सगळ्याच गाठी क्षुल्लक वाटतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. म्हणून 'सिस्ट' आणि 'ट्यूमर' यांतला फरक आज समजून घेऊ.

सिस्ट म्हणजे पातळ आवरणाची बंद पिशवी. तिच्यात पाणी, चिकट द्रव किंवा दाटसर मळ साठलेला असतो. पिकलेले द्राक्ष डोळ्यांपुढे आणा. डोक्यावर, पाठीवर किंवा कानामागे येणारी त्वचेची गाठ बहुधा अशीच पिशवी असते व तिच्यात दह्यासारखा पांढरट, वास येणारा मळ असतो. मनगटावर येणारी गुळगुळीत गाठही द्रवाचीच. पूर्वी ती जाड पुस्तक आपटून फोडण्याची पद्धत होती. कृपा करून तसे करू नका. त्वचेवरची गाठही पिळू नये. ती पिकते, पू होतो आणि पिशवी आत शिल्लक राहिल्याने पुन्हा भरते. काढायचीच तर शल्यचिकित्सकाकडून पिशवीसकट काढावी.

ट्यूमरचे तसे नाही. शरीरातल्या जुन्या पेशी मरतात आणि त्यांची जागा नव्या घेतात. ही शिस्त एखाद्या ठिकाणी बिघडली की पेशी विनाकारण वाढत राहतात आणि त्यांचा गोळा तयार होतो. हा बहुधा भरीव असतो, कच्च्या बटाट्यासारखा. पण ट्यूमर म्हणजे कर्करोगच, असे मात्र समजू नये. पाठीवरची वा दंडावरची मऊ, बोटाखाली सरकणारी चरबीची गाठ हा ट्यूमरच आहे आणि गर्भाशयातला फायब्रॉइडही ट्यूमरच आहे. पण या साध्या गाठी. जागच्या जागी सावकाश वाढतात, शेजारच्या अवयवात घुसत नाहीत. घातक ट्यूमर मात्र आजूबाजूला मुळे पसरतो आणि त्याच्या पेशी रक्तातून व लसीकावाहिन्यांतून यकृत, फुप्फुसे, हाडे येथे जाऊन रुजतात. यालाच आपण कर्करोग म्हणतो.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'सिस्ट' हा शब्द दिसला की घरात रडारड होते, विशेषतः रिपोर्ट लग्नाच्या मुलीचा असेल तर. पाळी सुरू असलेल्या वयात अंडाशयात दर महिन्याला बीज तयार होताना लहानसा पाण्याचा फुगा होतच असतो. कधी तो थोडा मोठा राहतो आणि बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतो. म्हणूनच डॉक्टर काही काळाने पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतात. 'पीसीओएस'मध्ये दिसणारे मण्यांसारखे बारीक फुगे म्हणजे पूर्ण न वाढलेली बीजेच असतात. त्या कर्करोगाच्या गाठी नव्हेत. अशा मुलीला पाळीच्या व वजनाच्या उपचारांची गरज असते, काळजीने खंगण्याची नाही.

तरीही प्रत्येक सिस्ट निरुपद्रवी असते, असेही नाही. पाळी कायमची गेल्यानंतर अंडाशयात दिसलेली, किंवा आत भरीव भाग असलेली सिस्ट तज्ज्ञांना दाखवलीच पाहिजे. अंडाशयाच्या गाठीला पीळ बसला तर ओटीपोटात अचानक असह्य कळ येते, उलट्या होतात. अशा वेळी रात्र काढू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. कुत्र्याच्या विष्ठेतील जंतांच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची मोठी सिस्ट होऊ शकते. कुत्र्याला हात लावल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याचा आग्रह आम्ही धरतो, त्याचे हे एक कारण.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. 'दुखत नाही, मग कशाला दाखवायची?' हा आपला ठाम समज आहे. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. पिकलेले गळू ठणकते आणि माणूस दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात येतो. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही आणि म्हणूनच ती घरात राहते. काही वर्षांपूर्वी एक बाई सुनेच्या तापासाठी आल्या होत्या. उठता उठता त्यांनी हळूच सांगितले, 'मलाही छातीत सुपारीएवढं काही लागतंय, पण दुखत नाही.' तपासले तर गाठ दगडासारखी, वरची कातडी आत ओढलेली, काखेतही अवधाण. आठ महिने त्यांनी हे कुणाला सांगितले नव्हते. घरात लाज आणि मनात भीती. ती गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया, औषधे, किरणोपचार सगळे झाले आणि आज त्या हिंडत्या-फिरत्या आहेत. पण लवकर आल्या असत्या तर बहुधा कमी उपचारांत निभावले असते.

मग ओळखायचे कसे? केवळ हाताने चाचपून घरी तर नाहीच आणि कित्येकदा आम्हा डॉक्टरांनाही नाही. सोनोग्राफीत पाणी काळे दिसते, भरीव भाग करडा दिसतो. पिशवी की गोळा, हे बरेचसे तिथेच कळते. त्यानंतर गरज पडल्यास बारीक सुईने पेशी काढून किंवा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मानेतल्या गाठी कित्येकदा क्षयरोगाच्या, म्हणजे पूर्वीच्या गंडमाळेच्या असतात. तेही अशा तपासणीतूनच कळते आणि त्या औषधांनी बऱ्या होतात. कोणत्या गाठीला कोणती तपासणी, हे तज्ज्ञ ठरवतात. अंडाशयातल्या संशयित गाठीला, उदाहरणार्थ, सहसा सुई लावत नाहीत.

'सुई लावली, चाकू लावला की कॅन्सर पसरतो' ही भीती गावोगाव आहे. लोक उशिरा येतात, तोवर रोग आतून पसरलेला असतो आणि दोष चाकूच्या माथी जातो. योग्य तऱ्हेने केलेल्या तपासणीने रोग पसरण्याची शक्यता अगदी नगण्य असते. तपासणी टाळल्याने मात्र तो नक्की वाढतो. बिब्बा घालणे, डाग देणे, शेक आणि लेप यांत महिने जातात, कातडी भाजते ती वेगळीच.

लवकर तपासणीचा उपयोग मुंबईतच सिद्ध झाला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 साली झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित महिला कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासले. 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. तिशीनंतर तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतही होते, तिचा लाभ घ्यावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. तेव्हा खर्चाच्या धास्तीने घरी बसू नये.

पुढील लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये :

1. दोन-तीन आठवड्यांत न गेलेली किंवा भराभर वाढणारी गाठ.
2. टणक, खालच्या भागाला चिकटलेली, न हलणारी गाठ.
3. स्तनातील कोणतीही नवी गाठ, आत ओढलेले बोंड किंवा त्यातून रक्ताळ स्राव.
4. तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, विशेषतः तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांना.
5. पुरुषांत अंडकोषात लागणारी टणक गाठ.
6. गाठीबरोबर वजन घटणे, बारीक ताप किंवा रात्री घाम.

यांतले काही आढळले म्हणजे कर्करोग झालाच, असे नाही. तपासणीअंती बहुतेक गाठी साध्याच निघतात आणि माणूस हसत घरी जातो. घरातल्या आई, सासू, बहिणी आपले दुखणे सहसा बोलून दाखवत नाहीत. आज त्यांना एकदा आपणहून विचारा.