पंचहौदापासून देवाच्या दरबारापर्यंत

राजगडाच्या पायथ्याच्या पालीतून पाली दरवाजाने गडावर चढता येते. पोटासाठी बाहेर पडायचे तर वाट पुण्याकडे जाते. वेल्ह्याहून आलेला माणूस स्वारगेटला उतरतो. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर गुरुवार पेठ आहे आणि त्या पेठेत पंचहौद. शहरात खोली, काम आणि भाडे यांचा घोर पहिल्या दिवसापासून लागतो. भावकी आणि ग्रामदैवत मागे राहतात, आणि आपण आता कोणाचे, हा प्रश्न एकट्यालाच सोसावा लागतो. अशा वेळी ख्रिस्ती तारणाचा संदेश कानावर येतो. तारण म्हणजे मरणानंतरची काहीतरी सोय, असे पुष्कळांना वाटते. महाराष्ट्रात ज्यांनी ते मनापासून स्वीकारले, त्यांना मात्र ते याच जन्मात, चारचौघांत जगायचे होते, असे त्यांची चरित्रे वाचून मला वाटते.

पंचहौदाचे पवित्र नाम देवालय हे चर्च १८८५ सालचे. ऑक्टोबर १८९० मध्ये इथल्या मिशनमधल्या एका कार्यक्रमाला पुण्यातली बडी मंडळी आली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढ्यात चहा-बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशी या गृहस्थांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापली आणि पुण्यात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. ख्रिस्ताची शिकवण ऐकायला, तिच्यावर वाद घालायला त्या शहराची हरकत नव्हती. हरकत होती ती पंक्तीला. नव्या कराराची मराठी छपाई तर १८११ मध्येच सेरामपूरला झाली होती. पुस्तक हाती पडायला वेळ लागला नाही, पण ते पुस्तक मानणाऱ्यांबरोबर बसून खाण्यापिण्यावर सगळे अडले.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी फार प्रामाणिकपणे सांगितले, की बाप्तिस्म्याने ख्रिस्ती धर्म हाती आला, पण खुद्द ख्रिस्त गवसायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. एवढी विदुषी बाई, शास्त्रार्थात भल्याभल्यांना निरुत्तर करणारी. तिने हे छापून सांगावे, याचे मोल मला फार वाटते. त्यानंतरच्या त्यांच्या आयुष्यात तारण कामातून दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे बायका लिहा-वाचायला शिकल्या, विणकाम, शेती आणि छपाई शिकल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम रमाबाईंनी अखेरपर्यंत केले. १९२२ मध्ये त्या गेल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हा संदेश रेल्वेच्या डब्यात भेटला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानत, आणि म्हणून त्यांची भक्ती अभंगांतून आणि कीर्तनांतून बोलली. पुण्या-मुंबईच्या मराठी उपासनांमध्ये आजही ‘उपासना संगीत’ उघडले की पानोपानी त्यांची गीते सापडतात. पेटी-तबल्यावर ती सुरू झाली की वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसालाही ती परकी वाटत नाहीत.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे मन इतक्या लवकर वळले नाही. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसारच मोडला होता, त्या कितीतरी काळ माहेरच्यांत राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळे सुटले नव्हते. मग त्यांना प्रश्न पडला, की माणसांत जाती देवाने केल्या की माणसाने? एकदा उत्तर पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले आणि १९०० मध्ये बाप्तिस्माही घेतला. पुण्याच्या विद्वानांना कपभर चहा जड गेला, तिथे या बाईने स्वयंपाकघरातूनच वाट काढली.

शहरी माणसाने हा संदेश कसा घ्यावा, असे कोणी विचारले, तर मी जक्कयाची गोष्ट सांगेन. तो यरीहो शहरातला श्रीमंत जकातदार. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट फेडण्याचे कबूल केले. त्या घराचे तारण झाले, असे येशूने त्यानंतर म्हटले. मोलकरणीचा पगार, भाडेकरूची अनामत, दुकानातला तराजू, सही करताना टेबलाखालून येणारे पाकीट, आपल्या शहरातली यरीहो ही अशी आहे. रविवारच्या उपासनेत मन भरून येते ते खरेच असते, पण सोमवारी या व्यवहारांना हात लागला नाही, तर जक्कयाची गोष्ट आपण अर्धीच ऐकली.

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात एकत्र बसावेत, ही त्यांची धडपड होती. मे १९१९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबाराची घडी बसायची राहून गेली. त्यांनी हाती घेतलेल्या ‘ख्रिस्तायन’ या ख्रिस्तचरित्रपर काव्याचेही थोडेच अध्याय लिहून झाले होते. बाकीचे, म्हणजे बहुतेक सगळेच, लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले.